वनवास पाहिलेला निर्माता

'रामायण'चा पहिला भाग २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर दिसला, तेव्हा रामानंद सागर ६९ वर्षांचे होते. त्या वयात बहुतेक निर्माते कचेरी मुलांच्या हाती देतात आणि स्वतः सत्कारांना जातात. सागरांनी मात्र मुंबईतलं बस्तान हलवून उंबरगावला मुक्काम ठोकला, दर आठवड्याला एक भाग पुरा करायचा असा करार अंगावर घेतला आणि पुढचं दीड वर्ष त्या कामाला जुंपून घेतलं. त्या दीड वर्षाने त्यांना अमाप कीर्ती दिली, आणि त्याच कीर्तीने त्यांच्या आयुष्याची आधीची सगळी वर्षं झाकून टाकली.

आज सागरांचं नाव निघालं की लोक भक्तीबद्दल बोलतात. टीव्हीला हार घालणारी घरं, ओस पडलेले रस्ते, राम झालेल्या अरुण गोविलांच्या पाया पडणारी माणसं यांच्या कथा सांगतात. त्या खऱ्याच आहेत. पण भक्तीने मालिका होत नाही. मालिका करायला पैसा उभा करावा लागतो, नटांच्या तारखा जुळवाव्या लागतात, पाऊस आला तर सेट झाकावा लागतो, दिल्लीत दूरदर्शनच्या मंडी हाऊसमधल्या अधिकाऱ्यांना पटवावं लागतं. मुख्य म्हणजे पुढच्या रविवारी काय दाखवायचं, हे कागदावर उतरवावं लागतं. सागर हे सगळं करू शकले, कारण ते मुळात लेखक होते आणि आपलं लिखाण वाचवण्यासाठी निर्माते झाले होते. या प्रस्तावनेत मला हीच बाजू मांडायची आहे. एरवी ती कुणी मांडत नाही.

त्यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७चा, लाहोरजवळच्या असल गुरुके गावातला. नाव चंद्रमौळी चोप्रा. आईच्या आईला मुलगा नव्हता म्हणून ती या नातवाला दत्तक घेऊन गेली आणि त्याचं नाव रामानंद झालं. म्हणजे जन्मल्या जन्मल्या घर बदललं, नावही बदललं. पाच वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. दिग्दर्शक विधु विनोद चोप्रा हे त्या दुसऱ्या घरातले, म्हणजे सागरांचे सावत्र भाऊ. तरुणपणी पोटासाठी सागरांनी शिपायाची नोकरी केली, ट्रक धुतले, साबण विकला, सोनाराकडे उमेदवारी केली. दिवसा काम आणि रात्री अभ्यास, असं करत त्यांनी पंजाब विद्यापीठात संस्कृत आणि फार्सी या दोन्ही विषयांत सुवर्णपदक मिळवलं. पुढे मालिकेत संस्कृतप्रचुर हिंदी ऐकून अनेकांनी नाकं मुरडली. ती भाषा लिहिणाऱ्याची घडण उर्दू वाङ्मयात झाली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मालिकेतले संवाद नीट ऐका. वाक्य जिथे थांबतं, जिथे वळसा घेतं आणि शेवटच्या शब्दावर ज्या तऱ्हेने येऊन आदळतं, ती मुशायरे ऐकलेल्या माणसाची लय आहे.

त्याच सुमारास त्यांना क्षय झाला. स्ट्रेप्टोमायसिन अजून यायचं होतं. क्षयाचं निदान म्हणजे मृत्यूचा निरोप, असंच लोक धरून चालत. काश्मीरमधल्या आरोग्यधामात पडल्या पडल्या त्यांनी रुग्णाची रोजनिशी लिहायला घेतली आणि १९४२ मध्ये ती लाहोरच्या 'अदब-ए-मश्रिक' नियतकालिकात छापून येऊ लागली. मरणाची वाट बघायची त्या खाटेवर हा माणूस मजकूर तयार करत होता, आणि तोही वेळेवर पोचवायचा. त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीची मुळं मला या रोजनिशीत दिसतात. बरे झाल्यावर त्यांनी वृत्तपत्रात काम केलं, 'मिलाप' दैनिकाचं संपादन केलं, कथा-कादंबऱ्या लिहिल्या. कधी चोप्रा, कधी बेदी, कधी काश्मिरी अशी नावं लावली. 'सागर' हे त्यातलं टिकलेलं नाव.

मग १९४७ आलं. फाळणीत लाहोर गेलं, आणि काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला तेव्हा सागर कुटुंबासह तिथे अडकले होते. प्रेम सागर यांनी वडिलांच्या चरित्रात श्रीनगरच्या विमानतळावरचा प्रसंग सांगितला आहे. निर्वासितांनी भरलेल्या विमानात सामान न्यायला मनाई होती, आणि सागर एक ट्रंक सोडायला तयार नव्हते. आत दागिने असतील या संशयाने ती उघडली गेली. निघाले हस्तलिखितांचे गठ्ठे. घरातल्या आठवणींतून आलेली ही हकीकत आहे आणि सांगता सांगता तिला थोडी झळाळी चढली असेलही. पण त्या ट्रंकेतून पुढे काय बाहेर आलं, ते छापील पुराव्यानिशी आपल्यासमोर आहे. १९४८ मध्ये 'और इन्सान मर गया' ही उर्दू कादंबरी प्रसिद्ध झाली. फाळणीच्या हिंसेवरच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते.

त्या कादंबरीला ख्वाजा अहमद अब्बास यांनी प्रस्तावना लिहिली होती आणि ती चांगलीच वादग्रस्त ठरली. झालेल्या कत्तलींचा सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही. हिंदू, मुसलमान, शीख सगळ्यांनीच आपल्याकडे बघावं, असा तिचा रोख होता. अब्बास ज्या डाव्या वर्तुळात वावरत, तिथे त्याबद्दल त्यांच्यावर कडाडून टीका झाली. मला या वादाचं महत्त्व वेगळ्या कारणाने वाटतं. १९४८च्या सागरांकडे माणूस माणसाला कसा मारतो याबद्दल सांगण्यासारखं काही होतं आणि त्यात कुणा एका धर्माला त्यांनी सोडवलं नव्हतं. चाळीस वर्षांनी त्यांनी केलेल्या मालिकेवर लोकांनी नाना शिक्के मारले. ते मारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ही कादंबरी उघडून पाहिली असेल.

मुंबईत आल्यावर ते पृथ्वीराज कपूरांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये शिरले आणि तिथून राज कपूरपर्यंत पोचले. १९४९च्या 'बरसात'ची कथा-पटकथा सागरांची. शंकर-जयकिशनचं संगीत आणि निम्मीचं पदार्पण लोकांच्या लक्षात राहिलं. लेखक श्रेयनामावलीतच राहिला. सिनेमात लेखकाचं स्थान काय असतं, हा धडा त्यांना तिथेच मिळाला असावा. १९५०मध्ये त्यांनी स्वतःची संस्था काढली. 'मेहमान' (१९५३) आणि 'बाजूबंद' (१९५४) दिग्दर्शित केले. दोन्ही पडले.

इथून पुढची पाच-सहा वर्षं चरित्रकार सहसा उरकून टाकतात. मला ती सर्वांत मोलाची वाटतात. सागर मद्रासला गेले आणि जेमिनी स्टुडिओच्या एस. एस. वासन यांच्यासाठी लिहू लागले. वासन म्हणजे 'चंद्रलेखा'चे निर्माते. भव्यता आणि हिशोब एकाच वहीत मांडणारा माणूस. मुंबईत तेव्हा सेटवर बसून कागदाच्या कपट्यावर संवाद लिहिले जात. मद्रासचे स्टुडिओ कारखान्यासारखे चालत. पटकथा आधी पक्की व्हायची, मग सेट, मग तारखा. सागरांनी तिथे 'इन्सानियत'चं लेखन केलं आणि 'पैगाम' (१९५९) लिहिला. गिरणी कामगारांच्या त्या चित्रपटात दिलीपकुमार आणि राजकुमार समोरासमोर होते आणि त्याच्या संवादांसाठी सागरांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. वासननी मग त्यांच्या हाती 'घूंघट' (१९६०) आणि 'जिंदगी' (१९६४) दिग्दर्शनासाठी दिले. पुढे दर आठवड्याला न चुकता भाग देणारा जो शिस्तीचा निर्माता आपल्याला दिसतो, तो जेमिनीच्या फाटकातून बाहेर पडलेला आहे, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतरचा काळ भरभराटीचा. 'आरजू' (१९६५) काश्मीरच्या पार्श्वभूमीवर, त्याच काश्मीरच्या, जिथून ते ट्रंक घेऊन निघाले होते. 'आँखें' (१९६८) हेरकथा. धर्मेंद्र, माला सिन्हा, परदेशी चित्रीकरण, तुफान धंदा आणि दिग्दर्शनाचं फिल्मफेअर. 'गीत', 'ललकार', 'चरस', 'बगावत' यांच्याबद्दल इथे फार लिहीत नाही. धंद्याची गणितं ओळखून केलेलं ते काम होतं आणि त्यातला लेखक हळूहळू मागे सरकत गेलेला दिसतो.

टीव्हीकडे वळण्याचा निर्णय त्यांनी 'चरस'च्या चित्रीकरणासाठी युरोपात असताना घेतला, असं प्रेम सागर सांगतात. तिथल्या एका कॅफेत रंगीत टीव्ही पाहिला आणि सिनेमा सोडायचं ठरवून टाकलं. भारतात रंगीत प्रक्षेपण यायला १९८२ उजाडावं लागलं आणि 'हम लोग' ही मालिका आली १९८४मध्ये. चित्रपटसृष्टी तेव्हा टीव्हीला कमी लेखत असे. ज्याला सिनेमात काम नाही तो टीव्हीवर जातो, असा सरसकट समज होता. त्यात रामायणाचा विषय. मुकुट आणि मिशा लावलेली माणसं कोण बघणार, असं म्हणून पैसेवाल्यांनी हात वर केले. तेव्हा सागरांनी 'विक्रम और बेताल' (१९८५) काढली. सोमदेवाच्या कथासरित्सागरातल्या वेताळाच्या गोष्टी, छोटे भाग, मर्यादित खर्च. खरं तर ती मोठ्या कामाची चाचणी होती. पोशाख, ट्रिक-दृश्यं, निवेदनाची पद्धत, सगळं तिथे पारखून झालं. नटही पारखले गेले: पुढे राम, सीता आणि लक्ष्मण झालेले अरुण गोविल, दीपिका चिखलिया आणि सुनील लहरी या मालिकेतून पुढे आले. पैसा मिळत नाही म्हणून कुढत बसण्यापेक्षा हातातल्या पैशात नमुना करून दाखवायचा, हा त्यांच्यातल्या निर्मात्याचा निर्णय होता.

उंबरगाव पश्चिम रेल्वेवर घोलवडच्या पुढचं स्टेशन. महाराष्ट्राची हद्द संपली की लगेच लागतं. तिथल्या वृंदावन स्टुडिओत अयोध्या, मिथिला, पंचवटी आणि लंका उभी राहिली. नट महिनोन् महिने तिथेच राहत. मराठी वाचकाने या नटमंडळींकडे जरा निरखून पाहावं. दशरथ बाळ धुरी आणि कौसल्या जयश्री गडकर हे प्रत्यक्षातले पती-पत्नी. 'सांगत्ये ऐका'पासून ज्या जयश्रीबाईंच्या लावणीवर महाराष्ट्र लुब्ध होता, त्यांच्यात सागरांना रामाची आई दिसली. भरत संजय जोग, तेही मराठी रंगभूमी-चित्रपटांतले. आणि मंथरा ललिता पवार. येवल्यात जन्मलेल्या या बाईंनी मूकपटांपासून काम केलं होतं. १९४२मध्ये सेटवर बसलेल्या थपडेने त्यांचा एक डोळा कायमचा दुखावला आणि त्यानंतर खाष्ट सासवा हेच त्यांचं नशीब झालं. कैकेयीच्या कानाशी लागलेली ती मंथरा आठवा. देशातला प्रत्येक प्रेक्षक त्या चेहऱ्याला चाळीस वर्षं ओळखत होता. ती तोंड उघडण्याआधीच पोटात गोळा येई. निर्माता पात्रयोजनेत पैसा कसा वाचवतो आणि परिणाम कसा वाढवतो, याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही.

मालिकेच्या संथपणावर तेव्हाही टीका झाली. एखाद्याने वाक्य उच्चारलं की दरबारातल्या प्रत्येकाचा चेहरा एकेक करून पडद्यावर यायचा. शहरी समीक्षकांना ते असह्य वाटलं. अमेरिकन अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी मात्र त्या मालिकेवरच्या निबंधात दाखवून दिलं की हा वेग कथाकारांच्या परंपरेतला आहे. आपल्याकडे कीर्तन ऐकलेल्याला हे समजावून सांगायला नको. बुवा एका अभंगाच्या चरणावर अर्धा तास थांबले म्हणून कुणी उठून जात नाही. गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि लोक थांबण्यासाठीच आलेले असतात. सागर अधूनमधून स्वतः पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी बोलत, तेही याच परंपरेला धरून. आणि तांत्रिक बाजूने पाहिलं तर छोट्या पडद्यासमोर अख्खी चाळ, अख्खी वाडी दाटीवाटीने बसलेली असताना चेहरा जवळून दाखवणं हाच शहाणपणाचा मार्ग होता. रवींद्र जैन यांच्या संगीताने आणि आवाजाने त्या थांब्यांना आधार दिला.

आता त्यांच्यातल्या लेखकाकडे येतो. मालिकेच्या आरंभी ज्या ग्रंथांचं ऋण मानलं आहे त्यांत वाल्मीकी आणि तुलसीदास तर आहेतच. शिवाय तमिळ कंब रामायण, बंगाली कृत्तिवास, तेलुगू रंगनाथ रामायण, चकबस्त यांचं उर्दू रामायण आणि आपल्या एकनाथांचं भावार्थ रामायणही आहे. पैठणच्या नाथांचा तो ग्रंथ युद्धकांडात अपुरा राहिला आणि शिष्य गावबाने तो पुरा केला. रामकथेवर एकाहून अधिक हात फिरल्याचं आपल्याच घरातलं उदाहरण. ही यादी मिरवण्यापुरती नव्हती. एका परंपरेत गोष्ट अवघड झाली की सागर दुसरीकडून वाट काढत. सर्वांत अवघड जागा अग्निदिव्याची. १९८८मध्ये कोट्यवधी बायका पडद्यासमोर बसलेल्या असताना पतीने पत्नीची अशी परीक्षा घेतलेली कशी दाखवायची? सागरांनी छाया-सीतेची कथा घेतली: रावणाने नेली ती सीतेची छाया होती, खरी सीता अग्नीच्या हवाली होती, आणि आता ती परत मागून घ्यायची आहे. आणि हे उघड होण्याआधी त्यांनी लक्ष्मणाला रामावर संतापू दिलं. प्रेक्षकांच्या मनातला प्रश्न लक्ष्मणाच्या तोंडून विचारून घेतला, मग उत्तर दिलं. हे कसबी पटकथाकाराचं काम आहे.

उत्तरकांडात मात्र ते कसब अपुरं पडलं असं मला वाटतं. मूळ करार ५२ भागांचा. तो वाढत ७८ भागांवर गेला आणि ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकानंतर मालिका थांबली. वाल्मीकींना आपला आद्यपुरुष मानणाऱ्या सफाई कामगारांनी लव-कुशांची कथाही दाखवावी यासाठी उत्तरेतल्या अनेक शहरांत संप केला, आणि सरकारला पुढचे भाग मंजूर करावे लागले. ज्यांच्या हाती झाडू होता त्या माणसांनी वाल्मीकींचा आश्रम पडद्यावर आणायला लावला, ही भारतीय टीव्हीच्या इतिहासातली अपूर्व गोष्ट आहे. त्या 'लव कुश'मध्ये (त्यातला कुश म्हणजे आपला स्वप्नील जोशी) सीता स्वतःच वनात जायचा निर्णय घेते, असं सागरांनी दाखवलं. रामाला दोषातून सोडवण्यासाठी केलेली ही तडजोड मला पटत नाही. ज्याने 'और इन्सान मर गया' लिहिताना कुणाला सोडवलं नव्हतं, त्याने इथे राजाला सोडवलं.

राजकारणाचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. दीपिका चिखलिया आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी १९९१मध्ये भाजपच्या तिकिटावर लोकसभेत गेले. अरविंद राजगोपाल यांच्यासारख्या अभ्यासकांनी मालिका आणि त्या काळातलं हिंदुत्वाचं राजकारण यांचा संबंध तपशिलात मांडला आहे, तर अनेक रामायणांच्या देशात एकच रामायण घराघरांत ठसलं, हा रोमिला थापर यांचा आक्षेप. दोन्ही गंभीर आहेत आणि सागरांच्या चाहत्यांनी ते वाचायला हवेत. माझं म्हणणं इतकंच, की निर्मात्याचा हेतू आणि कृतीचा परिणाम वेगळे तपासावेत. परिणामाची जबाबदारी एकट्या सागरांवर टाकली की तेव्हाचं सरकार, एकुलती एक वाहिनी आणि जाहिरातींचं उत्पन्न हे सगळे आपोआप सुटतात.

पुढे 'श्रीकृष्ण' आली, 'अलिफ लैला' आली. कृष्णाची गोष्ट आणि बगदादची गोष्ट एकाच कचेरीतून निघत होत्या. संस्कृत आणि फार्सीची पदकं एकत्र मिळवलेल्या माणसाला त्यात काही विशेष वाटलं नसणार. २००० साली पद्मश्री मिळाली. शिर्डीच्या साईबाबांवरची मालिका २००५मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत त्यांचं निधन झालं. टाळेबंदीत, २८ मार्च २०२०पासून, दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवली, तेव्हा ती १९८७ नंतर जन्मलेल्या मुलांनीही पाहिली.

आईविना वाढलेलं पोर, क्षयाच्या खाटेवरचा तरुण, गाव कायमचं तुटलेला निर्वासित, असा हा माणूस. रामाला वनात पाठवताना अयोध्येच्या लोकांच्या चेहऱ्यांवर तो कॅमेरा इतका वेळ का रोखून धरतो, हे कळायला लाहोर आणि श्रीनगर आधी कळावं लागतं. म्हणून वाचकांना एक विनंती आहे. उंबरगावचं प्रकरण आधी उघडायचा मोह होईल. तो आवरावा आणि १९४७पासून सुरुवात करावी.